नक्कल हुबेहूब, मनानं काढलेली आकृती लाकडी: दोष कुठे शोधायचा

थोर चित्रकारांच्या रेखाटनांच्या नकलांनी भरलेली एखाद्या शिकणाऱ्याची वही माझ्यासमोर येते. मायकेलअँजेलोची पाठ, राफाएलचे हात, आँग्रच्या पेन्सिलीतले चेहरे. नकला मेहनतीनं केलेल्या असतात, काही तर खरोखर सुंदर. मग मी शेवटचं कोरं पान उघडून देतो आणि सांगतो, "आता समोर काही न ठेवता एक उभा माणूस काढा, एका पायावर भार टाकलेला." पेन्सिल थबकते. थोड्या वेळानं कागदावर उतरतो तो माणूस दोन्ही पायांवर सारखाच उभा असतो, खांदे पट्टीनं आखल्यासारखे, हात बाजूला टांगलेले. वर्षभराची मेहनत कुठे गेली हेच कळत नाही.

हा बिघाड मी आधी स्वतःच्या हातातून काढला, नंतर शिकणाऱ्या पुष्कळ जणांच्या. दर वेळी कारण नवं वाटतं, पण शोधत गेलं की ठरावीक सात-आठ जागांपैकी एखादीच निघते. म्हणून मी क्रम ठरवून टाकला आहे. ज्याला दोन मिनिटं लागतात आणि काही विकत घ्यावं लागत नाही ते आधी, ज्याला महिने लागतात ते शेवटी. क्रम मोडू नका. बोर्ड आडवा ठेवल्यामुळे पाय आखूड येत असताना शरीररचनेची जाडजूड पुस्तकं वाचत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

लक्षणं

लक्षणांचे दोन गट आहेत आणि ते वेगळे ओळखणं फार महत्त्वाचं आहे.

पहिल्या गटात नक्कलच वाकडी येते. डोकं मोठं आणि पाय आखूड होतात. वरून सुरुवात छान होते, पण पावलांना कागदावर जागाच उरत नाही. मुळात झुकलेलं धड तुमच्या कागदावर सरळ होतं. काढताना सगळं बरोबर वाटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली की चूक अंगावर येते.

दुसऱ्या गटात नक्कल बरोबर असते, पण तिथून पुढे काहीच जात नाही. तीच पोझ दुसऱ्या बाजूनं काढता येत नाही. दोन दिवसांनी आठवणीतून काढायला गेलं तर फक्त चेहरा आठवतो. स्वतःच्या चित्रात दंड आणि मांड्या नळकांड्यांसारख्या येतात. सावली शरीराभोवती वळत नाही, डागासारखी वर बसते. रेघ एकसंध नसते, बारीक केसांसारख्या तुकड्यांची असते.

दोन्ही गटांतली लक्षणं एकत्र दिसत असतील तर पहिला गट आधी निस्तरा. वाकड्या नकलेतून शरीर शिकायला गेलात तर वाकडंच शरीर हातात बसेल.

बोर्ड उभा करा

कागद टेबलावर सपाट आहे का? असेल तर आज दुसरं काही तपासू नका. सपाट कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब असतो, त्यामुळे तो आखडलेला दिसतो. हात नकळत त्याची भरपाई करतो आणि वरचा भाग ताणून काढतो. कागद उभा धरला की डोकं आणि छाती मोठी, पाय आखूड. तुम्हाला वाटतं प्रमाण चुकतंय, आणि चुकत असतो कागदाचा कोन.

बोर्ड मांडीवर घेऊन टेबलाच्या कडेला टेकवा, किंवा पाठीमागे पुस्तकं रचून उभा करा. नजर कागदाच्या मधोमध साधारण काटकोनात पडली पाहिजे. मूळ चित्रही त्याच्या शेजारी, त्याच कोनात, शक्यतो त्याच उंचीवर ठेवा. मूळ खाली आणि कागद वर असेल तर प्रत्येक वेळी मान हलते, आणि मान हलताना डोळ्यात धरलेला कोन निसटतो. एवढ्या एका बदलानं "माझं प्रमाणच कच्चं आहे" ही तक्रार कायमची मिटलेली मी अनेकदा पाहिली आहे.

जे बघताय ते मूळ नीट आहे का?

पुढची तपासणी चित्राची नाही, त्याच्या छायाचित्राची. इंटरनेटवर फिरणारी चित्रं कापलेली, ताणलेली, काळं-पांढरं भडक केलेली असतात. संग्रहालयं बहुतेक रेखाटनांची मापं देतात, त्यांचा उपयोग करा. मायकेलअँजेलोनं सिस्टिन चॅपेलच्या छतावरच्या लिबियन सिबिल या भविष्यवेत्त्या स्त्रीच्या चित्रासाठी केलेला लाल खडूचा पाठमोरा अभ्यास, म्हणजे तयारीचं रेखाटन, घ्या. साधारण १५१०-११ चा हा कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याचं माप २८.९ × २१.४ सेंटिमीटर, म्हणजे उंची रुंदीच्या साधारण १.३५ पट. तुमच्या पडद्यावरच्या चित्राची उंची-रुंदी पट्टीनं मोजा आणि भागाकार करा. उत्तर १.३५ च्या जवळ येत नसेल तर प्रतिमा कापलेली आहे किंवा ओढून ताणलेली आहे.

या मापातून आणखी एक गोष्ट कळते. तो कागद जवळपास ए-४ एवढाच आहे. ती पाठ बघताना आपल्याला ती भिंतीएवढी वाटते, म्हणून शिकणारे मोठा कागद घेतात आणि फोनवरच्या बोटभर चित्रावरून ती उतरवू लागतात. बोटभर प्रतिमेत अर्ध्या मिलिमीटरची चूक दिसत नाही. ती पाच पट वाढवली की कोपर जागेवरून हललेलं असतं. शिवाय रेघेची जाडी कळत नाही, खडू कुठे दाबलाय आणि कुठे नुसता टेकवलाय तेही कळत नाही. मूळ मापात छापून घ्या आणि त्याच मापात काढा. नजरेला मूळ आणि नक्कल सरळ शेजारी-शेजारी तोलता येतात, मनात लहान-मोठं करावं लागत नाही.

चूक कुठल्या दिशेला झुकते ते शोधा

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर एक ट्रेसिंग पेपर लागेल. नक्कल पूर्ण करा, मुळाच्या छापील प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून मुख्य रेषा घ्या आणि तो कागद आपल्या नकलेवर ठेवा. ट्रेसिंग ही फसवणूक आहे असं मनात असेल तर काढून टाका. नक्कल झाल्यावर केलेलं ट्रेसिंग हे निदानाचं साधन आहे. नकलेआधी ते करू नका, एवढंच पथ्य.

एका नकलेवरून निष्कर्ष काढू नका, तीन नकला अशा तपासा. चुका सगळीकडे विखुरलेल्या असतील तर घाई कारणीभूत आहे. चुका एकाच दिशेला झुकलेल्या असतील तर नजरेला सवय लागली आहे, आणि अशी सवय सापडणं ही चांगली बातमी आहे, कारण ती मोजून सुधारता येते.

माझ्याकडे सगळ्यांत जास्त वेळा सापडलेली सवय म्हणजे झुकाव कमी करणं. माणूस उभा असतो, झाड उभं असतं, दार उभं असतं. डोळा तिरप्या गोष्टीला उभ्या-आडव्याकडे ओढतो. खांद्यांची रेषा वीस अंश कललेली असेल तर कागदावर ती बारा अंश येते. कमरेची उलट्या बाजूला कललेली रेषाही तशीच सपाट होते. एका पायावर भार टाकून उभ्या असलेल्या शरीराचा सगळा डौल याच दोन रेषांच्या भांडणात असतो. भार असलेल्या बाजूची कंबर वर जाते, त्याच बाजूचा खांदा खाली येतो. दोन्ही थोड्या थोड्या सरळ केल्या की आकृती मेली. नक्कल "जवळपास बरोबर" दिसते, आणि तरीही ती लाकडी का वाटते हे कळत नाही, त्याचं कारण बहुधा हे असतं.

उपाय साधा आहे. पेन्सिल मुळावरच्या खांद्यांच्या रेषेवर आडवी धरा आणि मनगट न फिरवता ती तशीच आपल्या कागदावर आणा. कोन घड्याळाच्या काट्यांत वाचला तरी चालतो: हा हात दोनकडे जातो की अडीचकडे? आणि ओळंबा वापरा. दोऱ्याला जड नट बांधला की झाला. उभ्या आकृतीत गळ्याखालच्या खाचेतून ओळंबा सोडा. भार एकाच पायावर असेल तर तो त्या पायाच्या आतल्या घोट्याच्या आसपास पडतो. तुमच्या नकलेत तो दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडत असेल तर तुमचा माणूस पडतोय.

आरसाही काम करतो. नक्कल आरशात बघा, किंवा मूळ आणि नक्कल दोन्ही उलटी करून शेजारी ठेवा. ओळखीची आकृती अनोळखी झाली की डोळा नावं वाचायचं थांबवतो आणि आकार बघू लागतो.

सुरुवात कुठून करताय?

डोळा, मग नाक, मग चेहरा, मग मान, असे खाली उतरत असाल तर प्रत्येक टप्प्याची छोटी चूक पुढच्यात मिसळते आणि पावलांपर्यंत तिचा ढीग होतो. कागद अपुरा पडतो तो यामुळे.

आधी आकृतीचं वरचं आणि खालचं टोक कागदावर ठरवा. मध्यबिंदू काढा आणि मुळात त्या जागी नेमकं काय आहे ते बघा. समोरून सरळ उभ्या प्रौढ माणसात तो जांघेच्या हाडापाशी येतो. बसलेल्या किंवा वाकलेल्या आकृतीत कुठेही येऊ शकतो, म्हणूनच बघायला हवं. मग सगळी आकृती सामावेल असं पाच-सहा सरळ रेषांचं कवच. त्यात मोठे कोन, नंतर वळणं.

ही पद्धत मी शोधलेली नाही. शार्ल बार्ग यांनी जाँ-लेओं जेरोम यांच्या साथीनं तयार केलेल्या आणि १८६६ ते १८७१ या काळात पॅरिसमध्ये छापल्या गेलेल्या चित्रपाठांत पुष्कळ पानांवर डावीकडे सरळ रेषांचा सांगाडा आणि उजवीकडे पूर्ण चित्र दिसतं. हात किंवा पाऊल आधी कोनाकोनाचं असतं, मग गोलाई येते. व्हॅन गॉग यानं १८८० च्या सुमारास, चित्रकार व्हायचं ठरवल्यावर, ही पानं चिकाटीनं पुन्हा पुन्हा उतरवली, आणि १८९० मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत, तो परत त्यांच्याकडे वळला. त्याच्याएवढा स्वतंत्र हात दुसरा सापडणार नाही. नकलांनी आपला हात मारला जाईल अशी भीती ज्यांना वाटते त्यांना मी हे आवर्जून सांगतो.

हत्यार आणि हात

लाल खडूचं चित्र टोकदार एचबी पेन्सिलीनं उतरवत असाल तर अर्धी माहिती आधीच गळाली. खडू आडवा फिरवला की एका फटक्यात सावलीची पट्टी मिळते. पेन्सिलीनं तीच पट्टी भरायला चाळीस रेघा लागतात आणि तोपर्यंत तो फटका का मारला होता हे विसरलेलं असतं. लेप देऊन तयार केलेल्या पृष्ठावर चांदीच्या तारेनं काढलेलं सिल्व्हरपॉइंट दाबानं गडद होत नाही, रेघांवर रेघा घालूनच गडद होतं, म्हणून त्याची नक्कल कठीण पेन्सिलीनं जास्त चांगली होते. निळ्या कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूनं केलेली प्रुदाँ या फ्रेंच चित्रकाराची शरीरं पांढऱ्या कागदावर उतरवली तर मधली छटा कागदच देत होता हे कधी कळणारच नाही.

लिओनार्दोबद्दल खास सांगायला हवं. तो डावखुरा होता. त्याच्या सावलीच्या रेघा डावीकडे वरून उजवीकडे खाली येतात. उजव्या हाताचा माणूस त्याच दिशेनं रेघ मारायला गेला की मनगट मुडपतं, रेघ अडखळते, आणि वाटतं आपल्याला हॅचिंग, म्हणजे समांतर रेघांनी सावली भरणं, जमतच नाही. रेघांची दिशा खुशाल उलटी करा. रेघा शरीराच्या गोलाईवरून कशा वळतात तेवढं त्याच्याकडून घ्या.

तुकड्या-तुकड्यांच्या केसाळ रेघांचं कारणही बहुतेक हातात असतं. बोटं आणि मनगट एका जागी टेकवून काढलेली रेघ पाच-सहा सेंटिमीटरला संपते. लांब रेघ खांद्यातून येते. यासाठी बोर्ड उभा असणं पुन्हा उपयोगी पडतं.

कोणाची नक्कल करताय?

वहीत सोमवारी मायकेलअँजेलो, मंगळवारी देगा, बुधवारी पार्मिजानिनो असेल तर हाताला काय शिकायचं तेच कळत नाही. साधारण १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी यानं चित्रकारांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात अगदी हेच बजावलं आहे: एक चांगला गुरू निवड आणि त्याच्याच मागे जा, आज हा उद्या तो असं केलंस तर कुणाचीच रीत अंगी लागणार नाही. मी याची मुदत तीन महिने धरतो. तीन महिने एक चित्रकार.

पहिला चित्रकार निवडताना ज्यानं शरीर मुद्दाम ताणलंय तो टाळा. पार्मिजानिनोच्या लांब मानेच्या मॅडोनाचं सौंदर्य मला मान्य आहे. आँग्रच्या १८१४ च्या 'ओदालिस्क' या चित्रातल्या, पहुडलेल्या जनानखान्यातल्या स्त्रीची लांबच लांब पाठ तर बघत राहावी अशी आहे. पण ती पाठ खऱ्या शरीरात बसत नाही. खरी पाठ अंगवळणी पडण्याआधी ती उतरवलीत तर आँग्रनं जाणूनबुजून घेतलेलं स्वातंत्र्य तुमच्या हातात चूक म्हणून शिरेल. लिबियन सिबिलच्या अभ्यासातही एक गोष्ट लक्षात ठेवायची असते: सिबिल बाई आहे, पण त्या कागदावरचं शरीर पुरुष मॉडेलचं आहे. त्यावरून स्त्रीची पाठ शिकायला गेलात तर फसाल.

आणि पूर्ण झालेल्या रंगचित्रापेक्षा अभ्यासाचा कागद घ्या. रंगचित्रात निर्णय झाकले जातात. अभ्यासाच्या कागदावर चुकलेली रेघ, बदललेला हात, परत परत काढलेला अंगठा दिसतो.

रेघ उतरवताय की वाचताय?

आता आपण दुसऱ्या गटाच्या लक्षणांपाशी आलो. नक्कल बरोबर आहे आणि तरीही मनानं काही येत नाही, तर दोष जवळजवळ नेहमी इथे असतो. इथे वेळ लागतो, म्हणून इतक्या उशिरा सांगतोय.

डोळ्यानं रेघ उचलायची आणि हातानं ठेवायची, मधे डोकं नाही. असं काम वर्षभर केलं तर डोळा आणि हात तयार होतात, शरीर कळत नाही. तपासायची रीत अशी. पूर्ण झालेल्या नकलेवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. जी रेघ त्वचेखालच्या हाडामुळे आली आहे ती लाल. स्नायू किंवा चरबीमुळे आलेली निळी. सावलीची कड किंवा कापडाची घडी हिरवी. जिथे सांगता येत नाही तिथे काहीच करू नका, जागा कोरी सोडा. पंधरा मिनिटांत तुमच्यासमोर तुमच्या अज्ञानाचा नकाशा तयार होतो, आणि तो नकाशा फार मोलाचा आहे. बहुतेकांचा चेहरा पूर्ण रंगलेला असतो. काख, जांघ, गुडघ्याची मागची बाजू आणि मनगट कोरं.

कोऱ्या जागा भरण्यासाठी आधी हाडांच्या खुणा पाठ करा, स्नायूंची नावं नंतर. गळ्याखालची खाच, हंसळीची हाडं, खांद्याचं टोक, कोपर, मनगटाची करंगळीकडची गाठ, कमरेच्या पुढची दोन टोकं, मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा, गुडघ्याची वाटी, दोन घोटे. स्नायू फुगतात, सरकतात, माणसागणिक बदलतात. या खुणा जागेवर असतात, लठ्ठ माणसातही चाचपून सापडतात.

एक उदाहरण देतो, कारण यावरून मी वही न उलटताच ओळखतो की माणूस वाचतोय की उतरवतोय. पायाचा आतला घोटा बाहेरच्या घोट्यापेक्षा वर असतो. पोटरीचं बरोबर उलट: तिचा फुगवटा बाहेरच्या बाजूला वर आणि आतल्या बाजूला खाली. म्हणजे पाय समोरून बघताना पोटऱ्यांना जोडणारी रेषा एका दिशेला कलते आणि घोट्यांना जोडणारी दुसऱ्या दिशेला. राफाएल घ्या, रुबेन्स घ्या, हे कलणं सगळीकडे सापडेल. नक्कल करणारा ते नकलेत आणतो, कारण मुळात आहे. मनानं काढताना मात्र दोन्ही घोटे एका पातळीत येतात. त्यानं ते पाहिलं होतं, पण त्याची दखल घेतली नव्हती. आता स्वतःच्या पायाला हात लावून बघा. एकदा बोटांना कळलं की परत चुकत नाही.

दुसरी वाचायची जागा म्हणजे रेघ रेघेच्या मागे जाते ती. पाठीची रेघ खांद्याच्या पात्यामागे शिरून संपते, पोटाची रेघ मांडीच्या पुढे येऊन मांडीला झाकते. काय पुढे आणि काय मागे हे थोर चित्रकार याच जोडांतून सांगतात. घाईत हे जोड सांधून एकच अखंड बाह्यरेषा काढली की शरीर कागदातून कापलेल्या चित्रासारखं चपटं होतं.

आणि मूळ पूर्णच उतरवायला पाहिजे असं नाही. तरुण मायकेलअँजेलोनं जोत्तो आणि मसाच्चो यांच्या भित्तिचित्रांवरून केलेली रेखाटनं पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आणि म्युनिकमध्ये आहेत. अख्ख्या भित्तिचित्रातून त्यानं एक-दोन उभ्या आकृत्याच उचलल्या: अंगावरचं वस्त्र कसं लोंबतं, त्याखालचं वजन कुठे पडतं. बाकीचं सोडून दिलं. त्याला जे हवं होतं तेवढं त्यानं घेतलं.

मूळ झाका

नक्कल झाली की मूळ आणि नक्कल दोन्ही उलटी ठेवा, दहा मिनिटं दुसरं काही करा आणि आठवणीतून तीच आकृती छोटी काढा. दुसऱ्या दिवशी परत. मग मुळाशी ताडून बघा आणि चुका लाल पेन्सिलीनं तिथेच दुरुस्त करा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी स्मरणातून काढण्याचं शिक्षण पद्धतशीर दिलं. रोदँ आणि फाँतँ-लातूर त्यांचे विद्यार्थी. पहिले काही दिवस फार वाईट जातात. जाऊ द्या. आठवणीतून जे येत नाही ते नक्कल करतानाच डोक्यातून गेलेलं नव्हतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही नेमकं तिथेच जास्त वेळ बघता.

ते जमू लागलं की तीच पोझ दुसऱ्या बाजूनं काढा. छातीचा पिंजरा अंड्यासारखा, कंबर खोक्यासारखी, दोन्हींचा कल ठरवा आणि फिरवा. अंडं आणि खोकं एकमेकांपासून वेगळे कलले की मधलं पोट एका बाजूला दबतं आणि दुसऱ्या बाजूला ताणलं जातं. मनानं काढलेल्या माणसाला कंबर मिळते ती इथून.

पोझ स्वतः घेऊन बघा, मग जिवंत मॉडेल

आरशासमोर त्या आकृतीसारखे उभे राहा. लिबियन सिबिलसारखं धड पिळा, हात वर उचला, भार पायाच्या बोटांवर आणा. (पाठीचं दुखणं असेल तर हे करू नका.) कुठे ओढ बसते, कुठे चिमटतं, कुठला अंगठा जमिनीत रुततो ते जाणवतं. मायकेलअँजेलोनं त्याच कागदावर पायाची बोटं पुन्हा पुन्हा का काढली असतील ते तेव्हा तुमच्या स्वतःच्या पायाला कळेल: सगळा पीळ तिथे येऊन टेकतो.

शेवटची आणि सगळ्यांत अवघड तपासणी म्हणजे जिवंत माणूस. मी स्वतः बराच काळ फक्त नकला केल्या, आणि पहिल्यांदा मॉडेलसमोर बसलो तेव्हा सुरुवात कुठून करायची तेच कळेना. रेघा कुणी आधी निवडून ठेवलेल्याच नव्हत्या. नकलेत निवड चित्रकारानं केलेली असते; जिवंत शरीरात ती तुम्हाला करावी लागते. ती सवय नकलेतून कधीच लागत नाही.

म्हणून आधी नक्कल, मग जिवंत माणूस हा क्रम उलटा करा. आधी जिवंत माणसावरून काढा, मॉडेल नसेल तर घरातलं वाचत बसलेलं माणूस चालेल. कुठे अडलात ते लिहून ठेवा: वर उचललेल्या हाताची काख. मग थोर चित्रकारांकडे जा आणि फक्त काखाच शोधा. मायकेलअँजेलोनं ती कशी सोडवली, रुबेन्सनं कशी, प्रुदाँनं कशी. तीन तुकडे उतरवा आणि त्याच आठवड्यात परत जिवंत माणसासमोर बसा. प्रश्न घेऊन केलेली नक्कल हातात राहते. माझ्याकडे आलेल्या वह्यांमध्ये ज्यांचा हात खऱ्या अर्थानं मोकळा झाला त्या सगळ्यांनी हा बदल केला होता. बाकी सगळ्या तपासण्या या एका सवयीपर्यंत पोचण्यासाठी आहेत.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात किंवा खांद्यात दुखत असेल आणि दोन-तीन दिवस विश्रांती घेऊनही जात नसेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर चित्र थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. पट्टा बांधून काढत राहू नका. नसेवरचा दाब लांबला तर हाताची पकड कायमची कमी होऊ शकते.

मूळ आणि कागद यांच्यात नजर फिरवताना धूसर दिसत असेल किंवा रोज डोकं दुखत असेल तर डोळे तपासून घ्या. सरळ रेघ लहरी किंवा वाकलेली दिसू लागली तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. हा सरावानं जाणारा दोष नाही.

वरच्या सगळ्या तपासण्या करून दोन महिने झाले आणि ट्रेसिंग पेपरवर तीच चूक त्याच दिशेला दिसतेय, तीन रंगांच्या नकाशातल्या कोऱ्या जागा तशाच आहेत, किंवा नकलांचा ढीग वाढतोय आणि जिवंत माणसासमोर बसायचं तुम्ही दर वेळी पुढे ढकलताय, तर एकट्यानं झगडणं थांबवा. मॉडेलवरून शिकवणारे शिक्षक शोधा. जाताना चार कागद न्या: मूळ चित्राची प्रत, तुमची नक्कल, आठवणीतून काढलेलं आणि जिवंत माणसावरून काढलेलं. निवडक चांगली चित्रं नेऊ नका. आणि नुसते कागद दाखवून परत येऊ नका, त्यांच्यासमोर बसून वीस मिनिटं काढा. रेघ कुठल्या क्रमानं आली, हात कुठे थबकला, डोळा मुळाकडे किती वेळानं गेला, हे पूर्ण झालेल्या चित्रात दिसत नाही. शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाला ते पहिल्या पाच मिनिटांत दिसतं.